गाईचं पुल्लिंग

तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे वर्षाअखेर रद्दीत जातात. किस्से मात्र डोक्यात साठत राहतात, आणि माझं असं की ते आठवले की हसू येण्याआधी डोकंच फिरतं! नव्वदचं दशक संपत आलं होतं, बेल्ह्याजवळच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होतो, तेव्हाचे हे.

'चेंज द व्हॉइस' या प्रश्नाला आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच वाक्य यायचं, 'द कॅट किल्ड द रॅट'. पोरांना उत्तर तोंडपाठ! एका चाचणीत मी वैतागून वाक्यच बदललं. टेम्पोने खांबाला धडक दिली, असं इंग्रजीत दिलं.

अर्ध्या वर्गाने लिहिलं, 'द रॅट वॉज किल्ड बाय द टेम्पो!'

पोरांना तरी काय बोलणार? सगळा मालमसाला गाइडातला. 'माय व्हिलेज' या निबंधाखाली गाइडवाल्याने आळसाने छापलं होतं, 'स्टुडंट्स शुड राइट देअर ओन आन्सर'. मामाकडे राहून शिकणाऱ्या लोणीच्या गणपतने तेवढं एकच वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि खाली दुहेरी रेघ मारली.

मी ओरडलो, तर म्हणतो, "सर, गाइडात तेवढंच व्हतं. एक शब्द बी सोडला न्हाई!"

पोरांचं सोडा. एकदा तपासणीला साहेब आले. वर्गात पाच मिनिटं बसले आणि शेरेबुकात इंग्रजीत लिहून गेले, की मुलांचं इंग्रजी 'वीक' आहे. स्पेलिंग आठवड्याचं! मी ते हेडमास्तरांना दाखवलं. त्यांनी शेरेबुक मिटलं.

"खाली साहेबांची सही आहे ना? मग स्पेलिंग बरोबर आहे!"

याच हेडमास्तरांना दहावीच्या निकालाची भारी हौस. त्यासाठी कच्ची पोरं नववीतच गाळायची. संगीता अशीच काठावरची. बाकी विषयांत पास, इंग्रजीत बरोबर पस्तीस. आणि नापास झालेल्या पोरीला आमच्याकडे सहसा पुन्हा शाळेत धाडत नसत.

वार्षिक परीक्षेत प्रश्न होता, 'काउ'चं पुल्लिंग लिहा. संगीताने लिहिलं, 'बुल'. मी गुण दिला. हेडमास्तरांनी लाल पेनने तो कापला, कारण बाहेरून छापून आलेल्या नमुना उत्तरात 'ऑक्स' होतं. पस्तीसचे चौतीस झाले! मी भांडलो, डिक्शनरी आपटली. "नमुना उत्तर म्हणजे नमुना उत्तर," एवढंच ऐकायला मिळालं. अजूनही अंगाचा तिळपापड होतो.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. किसनभाऊ, बेल्ह्याच्या बाजारातले बैलांचे व्यापारी. चपला दाराबाहेर काढून ऑफिसात उभे राहिले आणि मला विचारलं, "गुरुजी, पोरीनं काय लिव्हलं?"

"बुल. म्हणजे वळू."

"आन् ह्या सरांना काय पायजे?"

"ऑक्स. म्हणजे बैल."

किसनभाऊ हेडमास्तरांकडे वळले.

"सर, तीस वर्सं बैल इकतोय मी. तुमच्या बैलापासनं एका गाईला वासरू व्हऊ द्या, मग पोरगी खुशाल नापास करा!"