भुलीच्या मॅडम आणि प्रेशरचं औषध

भुलीच्या मॅडमना, म्हणजे ऑपरेशनला भूल देणाऱ्या आमच्या डॉक्टरांना, कुणाचं कौतुक करायला जमत नसे. यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात ‘आम्ही असंच करत आलोय’ असं कुणी म्हटलं, की त्या चष्म्यावरून अशा बघत की बोलणाऱ्याला आपलं शिक्षण वाया गेल्यासारखं वाटे. मी तिथं ऑपरेशन थिएटरची सिस्टर. माझ्यावरही त्यांनी ती नजर टाकलेली आहे. त्या मूळच्या वणीकडच्या. शिक्षण नागपूरला झालं, तरी बोली बदलली नाही, बदलायची गरजही त्यांना वाटली नाही.

त्यांचा खरा राग होता प्लास्टिक सर्जरीच्या मोठ्या डॉक्टरांच्या एका नियमावर. डॉक्टर नागपूरहून येत. मांडीच्या मांसाचा तुकडा शिरांसकट काढायचा, चिरडलेल्या जागी लावायचा आणि त्या बारीक शिरा दुर्बिणीखाली जोडायच्या, हे त्यांचं काम. हात चांगला होता, तोरा हाताहून मोठा. ऑपरेशनमध्ये रक्तदाब कितीही पडो, तो वाढवणारं औषध द्यायचं नाही, शिरा आकसतात आणि तुकडा मरतो, असं ते बजावत. मग सलाईनवर सलाईन. पेशंट सुजायचा, तुकडाही सुजायचा. “माणूस आहे का पाण्याचा हौद?” मॅडम म्हणत.

राजूरच्या रस्त्यावर जमनाबाईचा पाय कोळशाच्या ट्रकखाली आला. वणीजवळच्या तांड्यावरची बाई, शेतात राबणारी. पाय कापावा लागू नये म्हणून हे ऑपरेशन ठरलं. शिरा जोडून होत आल्या आणि रक्तदाब घसरू लागला. रक्तस्राव नव्हता, सलाईन पुरेसं गेलं होतं, भुलीमुळेच दाब पडत होता. डॉक्टरांनी आणखी सलाईन सांगितलं. मॅडमनी नकार दिला आणि मला औषधाचा पंप लावायला सांगितला.

“औषध दिलंत, तर तुकड्याची जबाबदारी तुमची,” डॉक्टर म्हणाले.

“माहीच. अन् बाईची कोणाची?”

औषध अगदी थोडं थोडं जात राहिलं, दाब वर आला, तुकडा गुलाबी राहिला.

संध्याकाळी मात्र तो निळा पडला. डॉक्टरांनी जमनाबाईच्या नवऱ्यासमोरच सांगून टाकलं, की हे भुलीच्या मॅडमच्या औषधानं झालं. मॅडम एवढंच म्हणाल्या, “उघडून पाहा. मंग बोला.” उघडलं, तर रक्त परत नेणारी शीर पिळली गेली होती आणि आत गुठळी. डॉक्टरांनी स्वतःच जोडलेली शीर. त्यांनी ती पुन्हा जोडली, मॅडमचं औषध तेव्हाही चालूच होतं. पाय वाचला. बाहेर येऊन मॅडमनी नवऱ्याला शीर पिळल्याचं सांगितलं. कुणाच्या हातून, ते सांगितलं नाही.

डॉक्टरांनी माफी मागितली नाही. त्यानंतर मॅडमनी पंप लावला, की ते दुसरीकडे बघत. चूक कबूल करणं त्यांना झेपलं नाही, न बघणं झेपलं.

काही महिन्यांनी जमनाबाई चालत आली, डॉक्टरांच्या पाया पडली आणि मॅडमच्या शेजारून निघून गेली. मी तिला थांबवायला निघाले, तर मॅडमनी माझा हात धरला. “राहू दे वं. मले ओळखलं नाही, म्हणजे झोप चांगली लागलती तिले.”

पुढं मॅडम वारल्या. शोकसभेत मोठे डॉक्टर बराच वेळ बोलले, बहुतेक स्वतःबद्दल. मी मधूनच उठले. पुढच्या सुट्टीला तांड्यावर गेले आणि जमनाबाईला बातमी दिली. “कोण मॅडम?” तिनं विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं. ती लुगडं जरा वर घेऊन त्या पायावरून हात फिरवत बसून राहिली.