सदा जेवून आलेला माणूस

"जेवून आलो जी."

उजवा तळवा पोटावर ठेवायचा, मान जराशी खाली घालायची आणि एवढंच म्हणायचं. सकाळ असो, भर दुपार असो, दिवाळीचा फराळ असो, आमच्या कापसाच्या जीनचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, फाटक सांभाळणारा हा माणूस सदा जेवून आलेला असायचा. आमच्या सौंसर गावात सगळे त्यांना फौजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्यानं कधी कुणाच्या घरचा घास घेतला नाही. आपण त्याला घमेंडखोर म्हणतो आणि ताटातला पुढचा लाडू उचलतो.

मी त्याच जीनमध्ये कारकून होतो. शेतकऱ्यांच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, कापूस घेऊन यायच्या, फौजी फाटक उघडायचे, मी वजनं लिहायचो. शौर्याशी माझा संबंध वाचनालयापुरता. इंग्रज कमांडोंच्या छाप्यांची पुस्तकं मी एकामागून एक वाचायचो. तोंडाला काळं फासलेले साहेब रबरी नावेतून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरतात, चौकी उडवतात आणि न्याहारीला परत येतात. मी स्वतः मोरीत पाल दिसली की बायकोला हाक मारतो, आणि हाकही बेतानंच मारतो, पाल चिडायला नको.

तेव्हा फौजी तरुणपणी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर असल्याच एका गुप्त टोळीबरोबर ओझं वाहायला गेले होते, हे कळल्यावर माझं काय झालं असेल ते समजून घ्या. दुपारच्या सुट्टीत मी स्टूल घेऊन फाटकापाशी जाऊन बसायला लागलो. साहेब लोक दातात सुरा धरून पोहायचे का, असं मी एकदा विचारलं.

"सुरा कायले धरतीन दातात, बाबूजी? बोलाव लागत होतं नं."

मी आणखी खोदलं, तर तोंड कडू झाल्यासारखं करून म्हणाले, "घान काम होतं ते." आणि येणाऱ्या बंडीसाठी फाटक उघडायला गेले.

ते लष्करी गुपित सांभाळून आहेत अशी माझी समजूत झाली आणि त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, लढाई संपून चाळीस वर्षं झाली, आता सौंसरात कोणता जपानी कान देऊन बसला आहे?

त्यांच्या न जेवण्याबद्दल मात्र तिचं वेगळं मत होतं. आमच्या घरी माझ्या आईच्या, म्हणजे बायकोच्या सासूबाईंच्या, काळात फौजींच्या समाजातल्या माणसांसाठी फडताळात एक वेगळा कप असायचा. तो कप बायकोनं आल्या आल्या फोडून टाकला होता, पण फौजींना तो आठवत असणार, म्हणून ते आपल्याकडे जेवत नाहीत, असं ती म्हणायची. दर सणाला ती त्यांना आग्रह करायची, ते पोटावर हात ठेवायचे, आणि ती आत येऊन मेलेल्या सासूबाईंवर चिडायची. पण फौजी त्यांच्या स्वतःच्या भावकीतही जेवत नसत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बसस्टँडच्या हॉटेलात पैसे टाकून भजी खाताना मी त्यांना पाहिलं होतं. कुणाच्या घरात शिजलेलं तेवढं चालत नसे.

हे कळलं ते त्यांच्या मुलीमुळे. फौजींची बायको लवकर गेली, मागे एकच मुलगी, सुजाता. आमच्याकडची रीत अशी की मुलीकडचे मुलाचं घर पाहायला जातात आणि पसंत पडलं तर तिथं जेवतात. न जेवता उठणं म्हणजे नकार. सुजाताची दोन स्थळं अशीच गेली होती. मुलगा पसंत, घर पसंत, आणि ऐन पानावर बाप म्हणतो, जेवून आलो जी. तिसरं स्थळ बोरगावचं होतं. मुलगा सुजाताच्या मनातला होता.

सोबत चार चांगली माणसं असावीत म्हणून फौजींनी मलाही बोलावलं. चांगला माणूस म्हणजे माझ्याकडे कोट होता. निघायच्या आधी सुजातानं मला बाजूला घेतलं.

"काका, बाबाले दोन घास खायले लावा. नाही तर माहं काही होत नाही."

मी कोटाची गुंडी लावत तिला भरवसा दिला. कशाच्या जोरावर दिला, ते मलाही माहीत नव्हतं.

बोरगावचं घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, अंगणात संत्र्याची रिकामी खोकी रचलेली. मुलाचे वडील थोडीफार शेती करणारे, हसऱ्या तोंडाचे. बोलणं छान जमलं. पाटपाणी झालं, पानं वाढली, बेसनाच्या पातोडीच्या रश्श्याचा वास सुटला. मी फौजींच्या शेजारी मुद्दाम चिकटून बसलो होतो. त्यांनी पानाकडे पाहिलं आणि तळवा पोटावर गेला.

मी कोपरानं ढोसलं. उपयोग झाला नाही.

मुलाच्या वडिलांचं हसू गेलं. राग आला असता तर बरं झालं असतं. ते होणाऱ्या व्याह्यांना अगदी हळू म्हणाले. "इवाई, आजपर्यंत बाहेरच्यायनं आमच्या हातचं नाकारलं. ते आमी पचवलं. आता आपला मानूसही नाही म्हनून राहिला?"

दोन्ही घरं बौद्ध, दोन्हींनी हा अपमान पिढ्यान् पिढ्या खाल्लेला. फौजींची मान खालीच होती. मग त्यांनी पान हातानं थोडं पुढं सरकवलं आणि सांगायला लागले. वाचनालयाच्या वर्गणीत मला जे कधी मिळालं नव्हतं, ते त्या दिवशी बोरगावच्या ओसरीवर मिळालं.

जपान्यांची चौकी उडवायला निघालेल्या त्यांच्या टोळीला नाव झाडीत दडवून पूर्ण एक दिवस किनाऱ्यावरच्या एका कोळ्याच्या झोपडीत लपून काढायचा होता. कोळी एकटा होता, घाबरलेला होता, पण घरात होता नव्हता तेवढा तांदूळ त्यानं शिजवला. साहेबांजवळ त्यांचे डबे होते. भात जेवले ते कोळी आणि फौजी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. फौजी हातानं नको म्हणायचे, तो हसायचा आणि आणखी वाढायचा. निघायची वेळ झाली तेव्हा साहेबांचं आपसात ठरलं की हा मागे राहिला तर जपान्यांना सांगेल.

"साहेब मले म्हनला, तू बोलाव त्याले बाहेर. तुह्या हाकेले येईन तो. म्या हाक मारली. तो भांडे घासून राहिला होता. ओल्या हातानंच आला. हासत आला."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"त्याच्या घरचा भात माह्या पोटात होता तवा," ते म्हणाले. "तवापासून कोनाच्या घरचं खाली उतरत नाही."

मुलाच्या मामांनी पुढं सरकून विचारलं, "मंग चौकी उडवली का नाही?"

फौजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं घासात केस निघाल्यावर माणूस पाहतो. "उडवली. आत कोनी नव्हतं."

मामा खूश झाले. मांडीवर थापही मारली त्यांनी. तोच प्रश्न माझ्याही दातांपर्यंत येऊन थांबला होता. मामा माझ्यापेक्षा चपळ, इतकंच. इतकी वर्षं मी जी पुस्तकं चवीनं वाचली, त्यांत भांडी घासणारा कुणी माणूस नव्हता. तो काढून टाकला होता म्हणून तर ती एवढी चविष्ट होती.

एका म्हाताऱ्यानं समजूत घातली, हुकूम होता, हुकमापुढं शिपाई काय करणार. फौजींनी मान हलवली नाही. हे त्यांनी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं असणार.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मुलाची आई बोलली. उंच, काटक बाई. हातात भाताची परात तशीच होती.

"हुकूम असन. पन भाऊ, घान केली तुमी."

गेलं सुजाताचं लग्न, असं वाटलं. पण फौजींनी मान वर केली. त्या घरात आल्यापासून ते पहिल्यांदाच कुणाच्या डोळ्यांत पाहत होते.

"हो बाई," ते म्हणाले. "घानच केली."

चाळीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्याशी सहमत झालं होतं.

बाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात सूप होतं, सुपात निवडलेले तांदूळ. ते त्यांनी फौजींच्या पुढ्यात ठेवलं.

"चूल तिकडं आहे. तुमी रांधा, आमी खातो. सोयरीक जेवल्याबिगर होत नाही म्हनतात. कोनी कोनाच्या हातचं जेवाचं, हे कुठं ठरलं हाय?"

फौजींनी सूप जवळ ओढलं. मग उठले. भात काही चांगला झाला नाही, खाली लागला आणि वर चिकट. पण सगळी पंगत थांबली होती. त्यांनी उभं राहून प्रत्येकाला वाढलं, आणि पहिला घास मुलाच्या वडिलांनी घेतला. मीही जेवलो. करपलेल्या भाताचा वास माझ्या कोटाला लागला तो धोब्याकडूनही निघाला नाही.

सौंसरला परतलो तेव्हा सुजाता दारातच होती. "काका, जेवले का बाबा?"

"नाही. पण त्यांनी सगळ्यांना जेवू घातलं."

तिनं बापाच्या बाह्यांवरची काजळी पाहिली आणि उंबऱ्यावरच खाली बसली.

लग्न झालं. त्यानंतर फौजी बोरगावला गेले की विहीणबाई न विचारता चूल मोकळी करून द्यायच्या. भात पुढं बरा जमायला लागला असं सुजाता सांगते.

ते गेले ते संत्र्याच्या हंगामात, झोपेतच. मग सौंसरच्या चौकात शोकसभा झाली. जिवंतपणी ज्यांनी त्यांना फाटकावर साधा रामराम घातला नव्हता ते सगळे हार घेऊन आले होते. भाषण एका पुढाऱ्याचं होतं. बोरगावच्या त्या मामांनी त्यांना सगळी माहिती पुरवली होती, म्हणजे मामांनी जेवढी ऐकली तेवढी. काळी रात्र, रबरी नाव, शत्रूच्या छाताडावर नाचलेला आमचा वाघ. लोक शोकसभेत टाळ्या वाजवत होते. शेजारचा एकजण मला म्हणाला, पिक्चर निघाला पाहिजे याच्यावर.

बायकांच्या बाजूनं विहीणबाई उठल्या. त्यांच्यामागं सुजाता, कडेवर लेकरू घेऊन. मीही उठलो, तर घडीची खुर्ची माझ्या कोटाला अडकून माझ्याबरोबर निघाली आणि मोठा आवाज करून पडली. पुढाऱ्यांनी क्षणभर थांबून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली.

आम्ही बसस्टँडकडे चालत होतो. भोंगे खांबाखांबावर बांधलेले, त्यामुळे भाषण आमच्याबरोबरच चालत होतं.

"आणि बंधूंनो, अभिमानाची गोष्ट ही, की या सबंध मोहिमेत एकही माणूस मेला नाही. एकही नाही."

विहीणबाई थांबल्या. रस्त्याच्या कडेला गेल्या, नालीत थुंकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि बोरगावच्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या.