मुंग्यांच्या घरातला भुंगेरा

चुका खूप असतील, अक्षरही किरटं आहे. चौथीनंतर हातात लेखणी कमीच आली. पण धाकटा भाऊ अनंता जाऊन महिना झाला आणि त्याच्याविषयी कुणाशी बोलायला तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते.

खरं सांगायचं तर मला त्याची किळस यायची. शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी भुईगावच्या आमच्या वाडीत पालथा पडून मुंग्यांची घरं उकरायचा. रबराची नळी तोंडात धरून किडे बाटलीत ओढायचा. ओठांना मुंग्यांचा आंबूस वास. त्याचा चहाचा कप मी वेगळा ठेवला होता... त्याला कळलं असणार, बोलला कधी नाही.

"ताई, हा भुंगेरा बघ, तिळाएवढा. मुंग्या याला लाडाने चाटतात आणि हा त्यांचीच पिल्लं खातो!"

"शी! जेवायच्या वेळी हेच सुचतं तुला?"

असा भुंगेरा आजवर कुणी नोंदवलेला नाही, असं त्याचं म्हणणं. पण तीन वर्षांत दोन माद्याच मिळाल्या. नराचं पोट उघडून आतला नरपणाचा अवयव पाहिल्याशिवाय मोठे अभ्यासक नवी जात मानायला तयार नव्हते. तोवर त्याचं छातीचं जुनं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी आशा सोडली, याला घोर फक्त त्या नराचा.

त्यातच मी घोळ केला. सुकेळ्यांसाठी उन्हात घातलेल्या केळ्यांना मुंग्या लागल्या, म्हणून माडाच्या कुजक्या बुंध्यातल्या त्यांच्या घरात उकळतं पाणी ओतलं. त्याचे भुंगेरे तिथेच राहायचे. तो बुंध्यापाशी येऊन बसला. मग म्हणाला, "मेलेलेही चालतात गं. पण मला फार वेळ बसवत नाही. तांदूळ निवडतेस तसं निवडशील?"

परातीत मेलेल्या मुंग्यांचा ओला लगदा. नाकाला पदर लावून दोन दिवस निवडलं, तेव्हा चार भुंगेरे निघाले. त्याने भिंगाखाली एकाचं पोट उघडलं.

"नर आहे! ये, बघ तरी."

"मेल्या, मोठ्या बहिणीला दाखवायची वस्तू आहे का ती?"

कितीतरी दिवसांनी हसला, खोकला येईपर्यंत.

चित्रं काढून, लिहून त्याने सगळं पाठवलं. उत्तराआधीच गेला... काल पत्र आलं. शेजारच्या मुलीने इंग्रजी वाचून सांगितलं, "मावशी, नवी जात मानली त्यांनी."

त्याच्या खोलीत जाऊन बाटल्या एकेक करून पुसल्या. आत तेच किडे, तोच उग्र वास. शिसारी आलीच. संध्याकाळच्या भाकऱ्या थापून झाल्यावर लक्षात आलं, हात धुवायचे राहिले होते.