स्वयंपाकघरातली ती एक फरशी

मैत्रिणींनो, आज माझ्या सासऱ्यांनी फरशीवाल्याच्या डोक्यात काठी घातली. रक्त भळाभळा वाहिलं.

वालूरच्या घरात टाइल्स बसवायलोत. चुलीजवळच्या एका शहाबादी फरशीवर आमच्यात कुणी पाय देत नाही. मला वाटायचं, खाली देव असंल. पण डायनिंग टेबल तिथंच बसत होतं, म्हणून मीच त्याला म्हणाले, "काढा ती."

त्याला दवाखान्यात पाठवलं. नव्वदीतले मामंजी त्याची पहार धरून फरशीजवळच बसले अन् त्या फरशीबद्दल पहिल्यांदा बोलले.

"खाली ज्वारी साठवायचं पेव हाय, जमिनीतला खोल खड्डा. निजामाच्या टायमाला बंदुकवाले पोरी उचलायलेते. ते दारात आले तसं आईनं माझ्या दोघी बहिणींना पेवात उतरवलं अन् वर ही फरशी सरकवली. पेव आधी उघडं ठेवून वारं लागू द्यावं लागतं, आतली हवा जीव घेती. पण येळ कुठं व्हता? त्यायनी आईला भाकरी करायला बसवलं. पोरी खालून फरशी ठोकायल्या. आवाज झाकावा म्हणून आई जोरजोरात भाकरी थापायली. मग ठोकणं थांबलं. आईला वाटलं, पोरी शहाण्या झाल्या."

टेबल रद्द केलं. आता परातीत पीठ घेऊन बसलेय.

सांगा, भाकरी कशी थापू?