पडद्याकडे पाठ करून

"खून का एक बूँद नहीं जी. फिर थर्टीन प्लस कायकू?" दिग्दर्शक श्रीधरगारूंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून उत्तर देणं जास्त अवघड होतं.

मी हैदराबादच्या एका स्ट्रीमिंग कंपनीत रेटिंगचं काम करतो. कोणती फिल्म कोणत्या वयाला चालेल, ते आम्ही ठरवतो. सेव्हन प्लस मिळालं तर फिल्म मुलांच्या पानावर दिसते. थर्टीन प्लसला पालकांचं लॉक लागतं. श्रीधरगारूंची फिल्म राजकुमार, उडता घोडा आणि जादूच्या तलवारीची. त्यांनी ती लहान मुलांसाठीच केली होती. लॉक लागलं की ती त्या मुलांपर्यंत पोचणार नव्हती.

चेकलिस्टप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. रक्त, शिव्या, नशा, सगळे कॉलम रिकामे. पण आमच्या मॅनेजर फरहत मॅडमची एक पद्धत आहे. सही करण्याआधी त्या ऑफिसातल्या लोकांच्या मुलांना फिल्म दाखवतात आणि रेटिंग करणाऱ्याला पहिल्या रांगेपुढे स्टुलावर उलटं बसवतात.

"पिक्चर तुम देख चुके मियाँ," त्या म्हणाल्या होत्या. "अब बच्चों कू देखो."

मी बसलो. मागे राक्षस गर्जत होता, पुढे मुलं निवांत पॉपकॉर्न खात होती. ऐन लढाईत एक जण खुर्चीखाली चप्पल शोधत होता. मग सगळं शांत झालं. जंगलात राजकुमाराला आईची हाक ऐकू येते. तो धावत जाऊन तिच्या मिठीत शिरतो, आणि तेव्हा कॅमेरा खाली येतो. तिचे पाय उलटे असतात. ती आईचं रूप घेतलेली चेटकीण असते.

माझ्यासमोर नारायणगुड्याची सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. शेजारी तिची आई. आईने जवळ घ्यायला हात पुढे केला, तर मुलीने आधी आईच्या पायांकडे बघितलं.

म्हणून मी थर्टीन प्लस लिहिलं. श्रीधरगारूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं,

"वो सीन निकाला तो पिक्चर में बचा क्या? घोड़ा?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "बोलो. तुम्हारे मुँह पे कुछ है."

मी देगलूरचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझी आई शाळेत गेली नाही, पण हडळीच्या गोष्टी फार रंगवून सांगायची. मीटिंगमध्ये तिचं नाव काढायला मला संकोच वाटत होता. मॅडमनी विचारलं म्हणून बोललो. आई हडळीचे पाय कधी लपवून ठेवायची नाही. "पाय बघून घ्या बरं तिचे," असं आधी सांगायची आणि मगच वाटसरूला तिच्यासमोर आणायची. आम्हाला स्वतःसाठी भीती वाटायचीच नाही, त्या वाटसरूची काळजी वाटायची.

"पायांचा शॉट आधी आणला तर?" मी विचारलं.

"सस्पेन्स गया ना, बाबू."

"सस्पेन्स बड़ों के लिए रखो जी," मॅडम म्हणाल्या.

श्रीधरगारूंनी पायांचा शॉट हाकेच्या आधी आणला. बाकी काहीच बदललं नाही. नवी मुलं बोलावली आणि मी पुन्हा उलटा बसलो. हाक ऐकू आली तशी अर्धी रांग उभी राहिली. "मत जा रे! पाँव देख उसके!" एक मुलगा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे हात नाचवत होता. स्वतःच्या आईकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.

सेव्हन प्लस दिलं. श्रीधरगारूंनी जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. मी मात्र मॅडमचा ऋणी आहे. कुणी विचारलं नसतं, तर मी तोंड उघडलं नसतं.

संध्याकाळी बरकतपुऱ्याच्या खोलीवरून आईला फोन केला. तुझी उलट्या पायांची गोष्ट कामाला आली, म्हणालो. तिला कौतुक वगैरे काही वाटलं नाही.

"मंग? लेकरं रात्री झोपली का?" तिने विचारलं.

ते मी तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरोघरी फोन केले. झोपली होती. आता प्रत्येक फिल्मनंतर हे फोन करतो. चेकलिस्टमध्ये त्याला अजून कॉलम नाही.