दुधाच्या भांड्याला आधी गार पाणी

पिशोरच्या घराला कुलूप लावलं आणि आईनं किल्ली माझ्याकडं न देता शेजारच्या शांताकाकूंच्या हातात दिली. म्हणाली, "आठ दिसांत येतेच." काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मी दुसरीकडं पाहिलं. वडील जाऊन तीन महिने झाले होते, शेत बटईनं दिलं होतं, आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. आठ दिवसांचं काही खरं नव्हतं, हे काकूंसकट आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. गाडी कन्नडच्या रस्त्याला लागेपर्यंत आई मागं वळून बघत होती. आपण तिला घरी नेतोय की घरातून उचलून नेतोय, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

मी स्वतः गाव सोडलं त्याला वीस वर्षं झाली. लग्न झालं, मग वाळूजच्या एका कंपनीत नोकरी, मग सिडकोत फ्लॅट. पिशोरच्या मैत्रिणींनो, तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या बाहेर पडल्या त्यांना सांगायला नको आणि ज्या तिथंच राहिल्या त्यांना सांगून पटायचं नाही, पण मी अजूनही स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी धडपडत असते. जरा टेकले की वाटतं, आता कुणीतरी उठवणार. हा गुण कुठून आला ते आई राहायला आल्यावर कळलं.

लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये म्हणणारी माणसं आपल्याकडं होती. आई तेवढी कडक नाही, पण तिनं तिचा मार्ग काढला. खायचं तर कामाचं खायचं. घरातली सगळी भांडी तिनं ताब्यात घेतली. आम्ही हात धुऊन येईपर्यंत ताटं मागच्या बाल्कनीत गेलेली असायची आणि ही पाटावर बसून घासत असायची. सिंकपाशी उभ्यानं घासणं तिला घासणंच वाटत नव्हतं. गुडघे टम्म सुजले. खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "मग काय जावयाच्या घरी बसून खाऊ?" हा तिचा सवाल. ह्यांनी एकदा तिच्या हातातली घासणी काढून घेतली तर दोन दिवस रुसली. शेवटी मी डिशवॉशर आणला. वाटलं, वाद मिटला.

मिटला कसला! दुसऱ्याच दिवसापासून आईची भाकरी दीडवरून अर्ध्यावर आली. "भूक नाय," म्हणायची. चौथ्या दिवशी चतकोर. मशीन घरघरत असायचं आणि ही घरभर फेऱ्या मारायची, खिडकीचे गज पुसायची, पुसलेले पुन्हा पुसायची. मला तिचा रागही यायचा आणि काळजीही वाटायची. एका शनिवारी तिनं पिशवी भरली. "सोमवारी मला यष्टीत बसवून दे."

त्यात मशीननंही माझी लाज काढली. दुधाची पातेली आतून पांढरट थर घेऊन बाहेर यायची, परातीला पिठाचा पापुद्रा तसाच. शहाणपण माझंच होतं. मशीन बसवताना प्लंबर गार पाण्याची लाईन जोडत होता. मीच म्हटलं, गच्चीवर सोलर आहे, हात भाजेल इतकं कढत पाणी येतं, ती जोडा. विजेची बचत होईल आणि भांडीही चकाचक निघतील. रविवारी मी ते पातेलं तारेच्या घासणीनं खरवडत बसले होते. आई पिशवीपाशी बसून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"तुझं मशीन पयलं पानी कोन्तं घेतं गं?"

"कढत. सोलरचं."

"मंग कसं निघंल? दुधाच्या भांड्याला आधी गार पानी दावावं. पिठाच्या परातीलाबी. कढत वतलं की ते भांड्याला धरून बसतं. तुपातेलाला मातर कढतच लागतं. येवढंबी सांगितलं नव्हतं व्हय तुला?"

सांगितलं होतं. मीच विसरले होते.

दुपारी दुरुस्तीवाला आला. त्यानं थर नखानं खरवडून बघितला. "मॅडम, इसको ठंडी लाईन दो. गरम वो खुद करता, हळूहळू. पैले गार पाण्यात दूध-पीठ सुटतं, फिर गरम से तेल निकलता. एवढं कढत एकदम आलं तर सब पक्का बैठता." मी आईकडं बघितलं. "त्याला च्या ठिव," ती म्हणाली आणि तो लाईन कशी बदलतो ते बघायला मशीनपुढं स्टूल ओढून बसली.

सोमवारची यष्टी गेली, आई राहिली. आता मशीन तिचं आहे. स्टुलावर बसून ती खालची जाळी काढून धुते, आमच्या बोअरच्या जड पाण्यासाठी मशीनच्या मिठाच्या कप्प्यात मीठ भरते. तुपकट भांडी असली की सगळ्यात गरम बटण, नुसते पेले असले की कमी. पितळी डबा आत घातला म्हणून जावयालाही बोलून मोकळी होते. भाकरी पुन्हा दीडवर आली. तरी मला स्वस्थ वाटत नव्हतं. ती कामासाठी थांबली होती. उद्या हात थकले की पुन्हा पिशवी भरेल, ही धास्ती होतीच.

परवा दुपारी आम्ही दोघीच जेवलो. आई उठली, हात धुतले आणि ताट तिथंच ठेवून आत जाऊन आडवी झाली. ताटात मिरचीचा देठ, कडेला वाळत चाललेला भात. मला वाटलं, बरं नसेल. जाऊन पाहिलं तर घोरत होती. माझ्या उभ्या जन्मात तिनं आपलं उष्टं ताट दुसऱ्यासाठी टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. पिशोरलाही नाही.

मी टेबलाशी येऊन बसले आणि रडले. गाव कुठलं, घर कुठलं विचारलं की इतकी वर्षं मी पिशोर सांगत आले. आता वाटतं, उष्टं ताट टाकून जिथं झोप लागते ते घर. आईला ते वर्षाच्या आत सापडलं. मी माझंही ताट तिच्या ताटाशेजारी सोडलं, सोफ्यावर आडवी झाले, डोळे मिटून घेतले. पाच मिनिटंही झाली नसतील, उठले आणि माझं ताट विसळलं. तिचं मात्र संध्याकाळपर्यंत हलवलं नाही, जाता-येता बघत राहिले.