मागचा डावा कोपरा

माझ्या धाकट्या दिराला सगळी टोळी 'हुश्श्या' म्हणायची. जड सामान खाली टेकलं की तो तोंडानं मोठ्यांदा 'हुश्श' करायचा, म्हणून. मला ते नाव मुळीच आवडायचं नाही. एकदा टोळीतला एक जण दारात उभा राहून "हुश्श्या आहे का घरात?" म्हणाला, तेव्हा मी त्याला सुनावलं, "इथं माणसं राहतात. नीट हाक मारायची तर मारा, नाहीतर वाट धरा." भाऊजी आतून हसत आले आणि म्हणाले, "असू दे हो वहिनी, खोटं काय आहे त्यात?"

टोळी म्हणजे अवजड सामान हलवणाऱ्यांची. तिजोऱ्या, कारखान्यातली यंत्रं, दगडी टेबलं, जे कुणाला जागचं हलत नाही ते ही माणसं हलवायची. सहा जण खांद्यात रुंद पट्टे अडकवून उचलायचे आणि आमचे हे, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, मुकादम म्हणून पुढं चालायचे. पट्टे ताणले की हे ओरडायचे, "जोर कुणाचा?" आणि बाकीचे ओरडायचे, "सगळ्यांचा!" त्या आरोळीशिवाय पाऊल उचलायचं नाही, असा नियमच होता. भाऊजींची जागा पहिल्या दिवसापासून ठरलेली, मागचा डावा कोपरा.

मी कधी डबा पोचवायला जायची तेव्हा बघायची. बाकीचे पाच जण गप्पा हाणत, एकमेकांची थट्टा करत जिना चढायचे. भाऊजींच्या मात्र मानेच्या शिरा तटतटायच्या, शर्ट घामानं अंगाला चिकटायचा, तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग खाली टेकलं की ते 'हुश्श', आणि बाकीच्यांचं हसणं. "अरे, आम्हीपण तेच उचललंय ना? मग तुलाच कशी धाप लागते?"

आणि हा भोळा सांब तेच खरं धरून बसला होता! तेच सामान, तेच पट्टे, बाकीच्यांना काही वाटत नाही आणि आपला जीव जातो, म्हणजे खोट आपल्यातच, अशी त्यांची पक्की समजूत. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मागच्या दारी वाळूनं भरलेले डबे उचलायचे. माझ्याजवळ बसून म्हणायचे, "वहिनी, दादा मुकादम आहे म्हणून मला ठेवलंय. दुसऱ्या टोळीनं कधीच हाकललं असतं." लग्नाचा विषय काढला की म्हणायचे, "आधी टोळीत बरोबरीनं उभा राहू दे." टोळीतली जागा म्हणजे त्यांचं सगळं काही होतं.

मी यांना विचारायची, "अहो, बाकीचे अंग चोरत नाहीत ना? तुमच्या भावाचा जीव जातोय." हे उखडायचे. "माझी माणसं तसली नाहीत. तुझं आपलं उचलली जीभ लावली टाळ्याला!"

मग एका कारखान्यात ते काट्याचं झालं. यंत्र जागेवर बसवून सगळे टेकले होते आणि तिथल्या स्टोअरकीपरला गंमत सुचली. वजनाचा मोठा स्प्रिंगचा काटा त्यानं खांबाला बांधला, त्याला दोर लावला आणि म्हणाला, ओढा बघू एकेकानं. चार लोक बघतायत म्हटल्यावर प्रत्येकानं जीव खाऊन ओढलं. तरी भाऊजींच्या वेळी काटा सगळ्यांच्या पुढं गेला. काटा बिघडला असेल, असं भाऊजीच म्हणाले! मग सहाही जणांनी मिळून ओढलं, तर काटा जेमतेम तिघांच्या जोराइतका सरकला. स्टोअरकीपर म्हणाला, "हे काय रे? एकेकटे वाघ आणि सहा जमले की शेळ्या?" त्यानं एकेकाला मधेच दोर सोडायला लावला. एकानं सोडला, काटा हलला न हलला. त्याला परत धरायला लावून दुसऱ्याला सोडायला लावला, तेच. पाचही जणांचं तेच. शेवटी भाऊजींना सोडायला सांगितलं आणि काटा धाडकन खाली आला. सगळे पोट धरून हसले. यांनी तो किस्सा घरी येऊन अगदी रंगवून सांगितला.

भाऊजी ताटावर बसले होते. घास तसाच हातात. यांचं जेवण होऊन हे उठल्यावर मला म्हणाले, "म्हणजे वहिनी, इतकी वर्षं ते नुसते हात लावून होते?"

मी म्हटलं, "अहो, चांगलंच झालं की. तुम्ही दुबळे नाही, हे तर कळलं!"

"ते कळलं," ते म्हणाले. "पण मला वाटायचं, आम्ही सहा जण आहोत."

खरं सांगते, ते पाच जण काही चोर नव्हते. घरात एकेकटे मरमर राबणारी माणसं. पण पट्ट्याला सहा खांदे लागले की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे पाच आहेतच की. त्यांना स्वतःलाही आपण ढिले पडलोय हे कळत नसेल. तरीही मला त्यांचा राग येतो आणि तो जायचा नाही.

त्यानंतर एका वकिलाच्या कचेरीतली तिजोरी खाली उतरवायची होती. दगडी जिना, मधे वळण. हे खालच्या अंगाला, तिजोरीकडं तोंड करून, एकेक पायरी मागं उतरत होते. भाऊजी वर, त्यांच्या कोपऱ्यात. भाऊजींनी पट्टा सोडला नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. त्यांनी एवढंच ठरवलं होतं, मला नंतर त्यांनीच सांगितलं, की आज बाकीच्यांइतकाच जोर आपणही लावायचा. जास्त नाही आणि कमीही नाही. "जोर कुणाचा?" हे ओरडले. "सगळ्यांचा!" वळणावर तिजोरी कलली, सुटली आणि यांना घेऊन खाली गेली. यांचे दोन्ही पाय गेले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कंपनीचे मालक आले. एकेकाला विचारलं. पहिला म्हणाला, मी पुरता धरला होता. दुसरा म्हणाला, मीपण. पाचही जणांनी तेच सांगितलं, डोळ्याला डोळा भिडवून. मग भाऊजींना विचारलं. ते भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "मी जोर कमी लावला होता."

एवढं पुरे झालं. "बघा, स्वतःच्या तोंडानं म्हणतोय!" एक म्हणाला, दुसऱ्यानं मान डोलावली, तिसऱ्यानं "सख्ख्या भावाला" म्हणून कपाळावर हात मारला. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या दिवशी परमेश्वर धडधडीत खोटं बोलला आणि मालकांना ते पटलं. भाऊजींना तिथल्या तिथं काढून टाकलं. कुठल्याच टोळीनं त्यांना पुन्हा उभं केलं नाही. आता ते एका गोदामाच्या फाटकावर एकटेच बसतात.

यांनाही तेच पटलं. बिछान्यावरून म्हणाले, "पाठच्या भावानं हात सोडला. त्याला म्हणावं, दुसरीकडं राहा." मी भडकले. "चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तुमची ती पाच माणसं? तुम्ही काट्याचा किस्सा मला कुठल्या तोंडानं सांगितलात?" यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवसापासून हा विषय आमच्यात निघत नाही.

ते पाच जण एकदा भेटायला आले होते. चहा घेतला, हळहळले. निघताना सगळे एका सुरात म्हणाले, "वहिनी, कधीही हाक मारा, आम्ही आहोतच." त्यानंतर एकही फिरकला नाही. दुसरा जात असेल, असं प्रत्येकाला वाटत असणार.

येतात ते भाऊजीच. फाटकावर जायच्या आधी येऊन यांना उचलून खुर्चीत बसवतात, संध्याकाळी परत येऊन बिछान्यावर ठेवतात. हे त्यांच्याशी एक शब्द बोलत नाहीत. बसून बसून यांचं अंग सुटलंय आणि भाऊजींच्या खांद्यात आता पूर्वीचा दम राहिलेला नाही. काल उचलताना त्यांच्या मानेच्या शिरा पूर्वीसारख्या तटतटल्या. मला बघवेना. मी पुढं होऊन यांच्या कमरेखाली हात घातला.

"नको वहिनी," ते धापा टाकत म्हणाले. "तुम्ही सोडा. दोघांनी धरलं की जड होतं."

मी हात काढून घेतला.